गवळ्याची पहाट

शाहीर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डफ, तुणतुणे आणि उत्तर पेशवाईतली रंगेल बैठक उभी राहते. होनाजीचे चरित्र मात्र गोठ्यापासून सांगावे लागते. होनाजी सयाजी शिलारखाने हा पुण्याचा गवळी. दूध विकणे हा घरचा धंदा, आणि कवने रचण्याचा नादही घरचाच, आजोबांपासून चालत आलेला. १७५४ ते १८४४ असा त्याचा काळ सांगतात. म्हणजे पेशवाईचा भर त्याने पाहिला आणि १८१८ साली ती बुडाल्यावरही तो बरीच वर्षे जगला.

त्याच्या जोडीला बाळा करंजकर नावाचा शिंपी होता. होनाजीने रचावे आणि बाळाने गावे, असा दोघांचा फड. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात त्यांना आश्रय मिळाला. राम जोशी, अनंत फंदी, प्रभाकर, सगनभाऊ अशी बडी मंडळी भोवती असता एका गवळ्याने आपली वेगळी वाट पाडली, ती चालींच्या जोरावर. लावणी त्याने रागदारीकडे वळवली. ढोलकीच्या जागी तबला आणून बैठकीच्या लावणीचा पाया त्याने घातला, असे मानतात. आम्हा गाणे शिकवणाऱ्यांना हा माणूस जवळचा वाटतो तो यामुळे.

एवढ्या शृंगारिक लावण्या रचल्या, पण घराघरांत उरली ती 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी. ती नीट ऐकावी. झाडांवरून उडालेली पाखरे, हंबरणाऱ्या गाई, धारेचे भांडे, दुधासाठी आसुसलेली वासरे, सडासंमार्जन उरकून कमरेवर घागर घेतलेल्या बाया. देव जागा होतो तो गोठ्याच्या गडबडीने. रोज पहाटे उठावे लागणाऱ्या माणसाखेरीज हे कोणाला सुचावे?

सौसर आणि पांढुर्ण्याकडे ही भूपाळी आपलीशी वाटावी, यात म्हणूनच नवल नाही. हा सारा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. त्याआधी देवगडला गोंड राजे होते, आणि त्यांच्याही आधी गवळी राजे होते, अशी तिकडे आख्यायिका आहे. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले आणि ही गावे मध्य प्रदेशात राहिली. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आले. कापूस आणि संत्र्याच्या या मुलखात आज शाळेत हिंदी आणि घरात मराठी असा व्यवहार चालतो. मी उन्हाळ्यात तिकडे गाण्याचे वर्ग घेतो, तेव्हा मुलांना एखादे मराठी गीत म्हणायला सांगितले की बहुतेक वेळा हीच भूपाळी पुढे येते.

येते ती १९५१ सालच्या चालीवर. व्ही. शांताराम यांनी त्या वर्षी 'अमर भूपाळी' काढला. होनाजी झाले पंडितराव नगरकर, संगीत वसंत देसाई यांचे, आणि नगरकरांसोबत आवाज लता मंगेशकरांचा. ती तबकडी घरोघर वाजली. मग रेडिओ, कॅसेट, आता मोबाईल. नंतर कितीजणांनी ती गाऊन ध्वनिमुद्रित केली, पण चाल बहुधा देसाईंचीच. चाल सुंदर आहे, वादच नाही.

सौसरला एका घरी आजी तीच भूपाळी जात्यावरच्या संथ लयीत म्हणत होत्या. आवाज धैवतावर रेंगाळायचा. नात म्हणाली, आजी चुकते, आणि पुरावा म्हणून मोबाईल लावला. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच. भूपात गंधार वादी, देसकारात धैवत. भूप रात्रीचा, देसकार सकाळचा. नाव भूपाळी असले तरी गाणे पहाटेचे, तेव्हा आजींचा धैवत बेसूर तर नव्हताच, वेळेला धरून होता. माझे वडील राजघराण्याच्या सेवेतले गवई. चालीला एकच घर नसते, असे ते मानीत. मी नातीला दोन्ही चाली वहीत उतरवून घ्यायला लावल्या. नाइलाजाने उतरवल्या, पण उतरवल्या. ध्वनिमुद्रिकेने गाणे जगवले हे खरे. मात्र आजींची चाल कोणत्याच तबकडीवर नाही, आणि गावोगावच्या अशा चाली त्या म्हाताऱ्यांबरोबर जातील.

वर्गात आणखी एक गंमत दर वर्षी होते. भूपाळीच्या शेवटी नाममुद्रा आहे ती दोघांची. मुले मात्र होनाजी हे नाव आणि बाळा हे वडिलांचे किंवा लाडाचे नाव समजतात. तबकड्यांवरही 'होनाजी बाळा' असे एकाच माणसासारखे छापलेले असते. बाळा हा निराळा, तो शिंपी, आणि हे गाणे पहिल्यांदा लोकांच्या कानी पडले असेल ते त्याच्याच गळ्यातून, हे सांगितले की पांढुर्ण्याची पोरे हटकून विचारतात, मग त्याचा आवाज कुठे ऐकायला मिळेल?