जमिनीची उष्णता मोजणारे डॉ. रामदास

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे नाव तुम्ही ऐकले असेल. तेथे पाऊस कमी पडतो. म्हणून गावकरी पडलेल्या पावसाचे मोजमाप ठेवतात आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरवतात. फार पाणी लागणारा ऊस त्यांनी दूरच ठेवला आहे. आधी हवामान मोजायचे आणि मग शेतीचा विचार करायचा, अशी ही रीत. या रीतीमागे एक शास्त्र आहे. त्याला कृषी हवामानशास्त्र म्हणतात. आपल्या देशात त्याचा पाया घालणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. एल. ए. रामदास. त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम आपल्या पुण्यातच झाले.

रामदास यांचा जन्म १९०० साली आजच्या केरळातील पालघाट येथे झाला. पुढे ते कलकत्त्याला चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. द्रवाच्या पृष्ठभागावर पडलेला प्रकाश कसा विखुरतो, हा त्यांचा विषय होता. पृष्ठभागाकडे बारकाईने पाहण्याची सवय त्यांना तेथेच लागली असावी. १९२६ साली ते भारतीय हवामान खात्यात दाखल झाले. दोन वर्षांनी या खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. पुण्याचे लोक त्या इमारतीला अजूनही सिमला ऑफिस म्हणतात! १९३२ साली खात्यात शेतीसाठी वेगळी शाखा निघाली आणि तिची जबाबदारी रामदासांवर आली.

त्यांचे काम समजण्यासाठी उष्णता कशी प्रवास करते हे आधी पाहू. उर्दूत तुम्ही जिला हरारत म्हणता, तीच मराठीत उष्णता. गरम चहात ठेवलेल्या चमच्याचे दुसरे टोकही तापते, हे वहन. पातेल्यातले तापलेले पाणी वर येते आणि गार पाणी खाली जाते; हे अभिसरण. पण सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये चमचाही नाही आणि पाणीही नाही. तरी ऊन आपल्याला भाजते. उष्णतेच्या या तिसऱ्या प्रवासाला प्रारण म्हणतात. प्रारणाला वाटेत कोणत्याही पदार्थाची गरज नसते.

आता पुण्याच्या शेतातली काळी जमीन डोळ्यांसमोर आणा. नगर जिल्ह्यातही अशी काळी राने पुष्कळ आहेत. काळा पृष्ठभाग ऊन जास्त शोषून घेतो. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी ही माती इतकी तापते की तिच्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. काळ्या जमिनीच्या एका तुकड्यावर त्यांनी पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला आणि शेजारचा तुकडा तसाच ठेवला. पांढऱ्या थराने ऊन परतवले. वरची माती तर कमी तापलीच, पण खालच्या मातीचे तापमानही उतरले. माती तीच, ऊन तेच. फक्त वरचा रंग बदलला होता. पिकाची मुळे मातीत असतात, म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

पृष्ठभाग उष्णता घेतो तसा तो ती बाहेरही टाकतो. हे तुम्ही घरी पाहू शकता. सारख्या आकाराचे दोन पत्र्याचे डबे घ्या. एक चकचकीत ठेवा, दुसऱ्याला बाहेरून काजळी लावा. दोन्हींत सारखेच गरम पाणी भरून झाकण लावा. (गरम पाणी ओतताना घरातील मोठ्या माणसांची मदत घ्या.) काजळीचा डबा लवकर निवतो, कारण चकचकीत पत्रा प्रारणाने फारच थोडी उष्णता बाहेर टाकतो.

जमीनही रात्रभर आकाशाकडे उष्णता टाकत असते. आकाश निरभ्र असेल तर ती भराभर निवते. ढग असले तर त्यांच्याकडून बरीच उष्णता परत येते. म्हणूनच हिवाळ्यात तुम्ही फजरच्या नमाजासाठी उठता आणि आकाशात चांदण्या स्पष्ट दिसतात, तेव्हा थंडी अधिक बोचते.

रात्री जमीनच निवते, तर सर्वांत थंड जागा जमिनीलगत असली पाहिजे, असे सगळे शास्त्रज्ञ मानत होते. पुस्तकांतही तसेच लिहिलेले होते. रामदास यांनी मात्र शांत, निरभ्र रात्री वेगवेगळ्या उंचीवर तापमान मोजले. सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटलेली नव्हती! ती जमिनीपासून काही सेंटिमीटर, कधी एक-दोन वीत वर होती. १९३२ साली त्यांनी आत्मनाथन या सहकाऱ्याबरोबर हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यावर विश्वास कोण ठेवणार? मोजण्यात काही चूक झाली असावी, किंवा शेजारच्या थंड जागेवरून हवा वाहत आली असावी, असे अनेकांना वाटले. रामदास यांच्याजवळ पुरेसे स्पष्टीकरण नव्हते. त्यांच्याजवळ फक्त मोजलेले आकडे होते, आणि ते आकडे त्यांनी मागे घेतले नाहीत. माझ्या मते त्यांच्या चरित्रातला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. पंचवीस वर्षांनी, १९५७ साली, राश्के या शास्त्रज्ञाने पुण्यातच काळजीपूर्वक घेतलेली मोजमापे प्रसिद्ध केली. रामदास यांचे म्हणणे खरे निघाले.

सरकारनेही त्यांच्या कामाची दखल घेतली. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम करताना, तलावातील पाण्याची वाफ कमी कशी होईल याचाही त्यांनी अभ्यास केला. पाण्यावर एका रसायनाचा अतिशय पातळ पापुद्रा पसरायचा, अशी ती युक्ती होती. म्हणजे येथेही पुन्हा पृष्ठभागच!

रामदास १९७९ साली वारले. थंड हवेचे कोडे त्यांच्या हयातीत पुरते सुटले नाही. १९९३ साली रोद्दम नरसिंह आणि बंगळूरच्या इतर शास्त्रज्ञांनी त्याचे गणित मांडले. जमिनीत दिवसभराची ऊब साठलेली असते, म्हणून माती एकदम गार होत नाही. पण तिच्या वरची हवा प्रारणाने आपली उष्णता गमावत असते. तिला जमिनीकडून किती उष्णता परत मिळते, हे जमिनीच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. नंतरच्या अभ्यासांत हवेतील बारीक धूलिकणांचाही यात हात असल्याचे दिसले. या विषयावर अजूनही संशोधन चालू आहे, आणि जमिनीच्या थोडे वर असणाऱ्या त्या थंड हवेच्या थराला शास्त्रज्ञ रामदास थर म्हणतात.