आधी पराक्रम, मग पदक : मेजर रामा राघोबा राणे

परमवीर चक्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारगिल उभं राहतं. कॅप्टन विक्रम बत्रा हे नाव तर शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल. पण सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे कोण, असं आमच्या मेसमध्ये विचारलं तर टेबलावर एकदम शांतता पसरली. खरं म्हणजे आपण इंजिनिअरिंगची मुलं, आपल्याला हे नाव सगळ्यात आधी माहीत असायला हवं. कारण राणेसाहेब होते बॉम्बे इंजिनिअर्सचे, म्हणजे 'सॅपर'. सुरुंग काढणं, रस्ता करणं, पूल बांधणं हे त्यांचं काम. आपण ज्या गोष्टी लॅबमध्ये आणि साइट व्हिजिटला शिकतो, त्या त्यांनी मशीनगनच्या माऱ्यात केल्या.

त्यांच्या आयुष्यातली अजून एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. त्यांनी ज्या दिवशी तो पराक्रम केला, त्या दिवशी परमवीर चक्र नावाचं पदकच अस्तित्वात नव्हतं! मग ते त्यांच्या रेकॉर्डवर आलं कसं? हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

राणेंचा जन्म २६ जून १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं. वडील पोलीस कॉन्स्टेबल. त्यांच्या सारख्या बदल्या होत, त्यामुळे रामाचं शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झालं. १९३० साली देशभर सत्याग्रहाचं वारं होतं. बारा वर्षांच्या रामालाही ते लागलं. सरकारी नोकरीतल्या वडिलांना साहजिकच धास्ती वाटली आणि त्यांनी कुटुंबाला परत गावी नेलं. हाच मुलगा दहा वर्षांनी, १० जुलै १९४० ला, इंग्रजांच्या सैन्यात भरती झाला. आज आपल्याला हे विचित्र वाटतं, पण त्या काळात हजारो मराठी घरांत हेच झालं. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांतूनही मुलं पलटणीत जायची, आणि त्यामागे दोन वेळच्या जेवणाचा हिशोब असायचा.

खडकीला ट्रेनिंग झालं. बॅचमधला सर्वोत्तम रिक्रूट म्हणून राणेंना कमांडंटची छडी मिळाली. पुढे ते नाईक झाले आणि २८ फील्ड कंपनीबरोबर ब्रह्मदेशात जपान्यांशी लढायला गेले. आराकानमध्ये सैन्य मागे हटत असताना बुथिडाँगजवळची महत्त्वाची ठिकाणं उडवून देण्यासाठी काही सॅपर मागे ठेवले होते, त्यांतल्या एका सेक्शनचे प्रमुख राणे होते. काम झाल्यावर नौदलाची बोट येऊन त्यांना घेऊन जाणार, असं ठरलं होतं. बोट काही आली नाही. नदीवर जपान्यांची गस्त. राणेंनी आपल्या माणसांना घेऊन ती नदी स्वतःच्या हिमतीवर पार केली आणि आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. याबद्दल त्यांना हवालदार केलं.

राणेंचा उल्लेख त्यांच्या एकूण सेवेत पाच वेळा 'डिस्पॅच'मध्ये झाला, असं त्यांच्या चरित्रात वाचायला मिळतं. डिस्पॅच म्हणजे वरिष्ठ सेनापतीने सरकारला पाठवलेला युद्धाचा अहवाल. त्यात एखाद्या सैनिकाचं नाव आलं तर तोही एक सन्मानच. पण त्याचं वेगळं पदक मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यासाठी ओकच्या पानाचं छोटंसं ब्राँझचं चिन्ह असायचं, ते दुसऱ्याच एका पदकाच्या रिबनवर लावायचं. घरच्यांना ते पान म्हणजे नुसती नक्षी वाटते. त्यामुळे म्हाताऱ्या सैनिकाच्या कागदांतून आणि घरच्यांच्या आठवणीतूनही सगळ्यात आधी गळतं ते हेच.

१५ डिसेंबर १९४७ ला राणे सेकंड लेफ्टनंट झाले आणि ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत गेले. तेव्हा काश्मीरची लढाई पेटलेली होती. राजौरी शहर नोव्हेंबर १९४७ मध्येच शत्रूच्या हातात गेलं होतं आणि तिथल्या लोकांचे अतोनात हाल चालले होते. एप्रिल १९४८ मध्ये आपलं सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघालं. पुढे ४ डोग्रा आणि सेंट्रल इंडिया हॉर्सचे रणगाडे. आता रणगाडा कितीही भारी असला तरी त्याला रस्ता लागतो. शत्रूने तो रस्ता जागोजागी उखडला होता, झाडं पाडून अडवला होता आणि त्यात सुरुंग पेरले होते.

८ एप्रिलला सकाळी ११ वाजता सव्विसाव्या मैलाजवळ राणेंची तुकडी काम सुरू करण्यासाठी रणगाड्यांशेजारी थांबलेली असताना तोफगोळ्यांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत स्वतः राणे होते. त्यांनी लगेच उरलेल्या माणसांची पुन्हा जुळवाजुळव केली आणि कामाला लागले. संध्याकाळी साडेचारला डोग्रांनी बरवालीची धार घेतली. शत्रू अजून आसपास होता, तरी राणे पुढे गेले आणि रात्री १० पर्यंत रणगाड्यांसाठी डायव्हर्जन काढत राहिले, तेही शत्रूला स्पष्ट दिसेल अशा जागी.

९ तारखेला सकाळी ६ ला पुन्हा सुरू. दुपारी ३ ला वळणरस्ता तयार झाला. मग ते सगळ्यात पुढच्या गाडीत बसले. अर्धा मैल गेले, तर पाइनची झाडं आडवी. उतरले, झाडं उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग एक उडवलेली मोरी. मशीनगन चालूच. तिथेही बाजूने रस्ता काढला. सव्वासहाला उजेड कमी झाला आणि समोर पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग. राणे सुरुंग काढायला लागलेही होते, पण कमांडरनेच ताफा रात्रीपुरता थांबवला.

१० तारखेला पहाटे पावणेपाचला ते त्या पाच झाडांपाशी हजर! साडेसहापर्यंत तो अडथळा गेला. पुढचे हजार यार्ड म्हणजे नुसते अडथळे आणि फोडलेले भराव. साडेदहापर्यंत तेही मोकळे केले. रणगाडे तावी नदीच्या पात्रात उतरून पुढे गेले आणि दुपारी २ ला चिंगसला पोचले. इथे कुणीही म्हटलं असतं, झालं आपलं काम. पण मागून दारूगोळा, रेशन आणि दवाखान्याच्या गाड्या येणार होत्या, त्या काही नदीपात्रातून जाणार नव्हत्या. म्हणून राणे रात्री ९ पर्यंत न जेवता रस्ता करत राहिले. ११ तारखेला सकाळी ६ ते ११ चिंगसपर्यंतचा रस्ता पूर्ण, आणि त्यापुढे रात्री १० पर्यंत पुढचा. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, राजौरी परत मिळाली.

तुमच्या लक्षात आलं असेल की मी सगळीकडे घड्याळाची वेळ देतोय. या वेळा माझ्या नाहीत, त्यांच्या 'सायटेशन'मध्ये आहेत. सायटेशन म्हणजे कोणत्या कामासाठी पदक दिलं याची अधिकृत नोंद. मला ती वाचताना सारखी सिव्हिलवाल्यांची 'एम.बी.' आठवत होती, मेजरमेंट बुक. कुठून कुठपर्यंत, किती वाजता, काय केलं. एम.बी.त नाही ते काम बिलात धरत नाहीत, हे थर्ड इयरला सगळ्यांना पाठ असतं. राणे एका रणगाड्याखाली सरपटत, दोऱ्या ओढून ड्रायव्हरला इशारे देत सुरुंग काढत गेले, अशीही एक गोष्ट पुस्तकांतून सांगितली जाते आणि तीच जास्त प्रसिद्ध आहे. सायटेशनमध्ये मात्र ती नाही. तिथे आहे तो फक्त चार दिवसांचा कोरडा हिशोब, आणि पदक मिळालं ते त्या हिशोबावर.

आता पदकाकडे येऊ. १५ ऑगस्ट १९४७ नंतर इंग्रजांची व्हिक्टोरिया क्रॉस वगैरे पदकं आपल्या जवानांना काश्मीरसाठी मिळणं शक्य नव्हतं. आणि आपली स्वतःची अजून नव्हती. म्हणजे अख्खं काश्मीर युद्ध आपलं सैन्य शौर्यपदकांशिवाय लढलं. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी नव्या पदकांचं काम सावित्रीबाई खानोलकरांवर सोपवलं. या बाई जन्माने युरोपियन, माहेरचं नाव ईव्ह, पण विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून पूर्ण आपल्या झालेल्या. त्यांनी परमवीर चक्रावर इंद्राचं वज्र घेतलं आणि शिवाजी महाराजांची तलवारही. (या बाईंवर खरं तर स्वतंत्र लेख व्हायला हवा. पुढच्या अंकासाठी कुणीतरी घ्या!)

२६ जानेवारी १९५० ला परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही पदकं जाहीर झाली, आणि सरकारने ती १५ ऑगस्ट १९४७ या मागील तारखेपासून लागू केली. त्यामुळेच १९४८ चं काम १९५० मध्ये रेकॉर्डवर चढू शकलं. राणेंचं नाव जून १९५० मध्ये गॅझेटमध्ये आलं. काश्मीर युद्धासाठी एकूण पाच परमवीर चक्रं दिली गेली : मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंह, कंपनी हवालदार मेजर पीरू सिंह, लान्स नाईक करम सिंह आणि राणे. पहिल्या तिघांना मरणोत्तर. पदक हातात घ्यायला जिवंत होते ते फक्त करम सिंह आणि राणे.

मागील तारीख लावणं ही सरकारची एक ओळ असते, पण ती ओळ प्रत्येकाला सारखी उपयोगी पडत नाही. ज्याचं काम कुणी वरिष्ठाने वेळेवर, तपशिलात लिहून वर पाठवलं होतं, त्याची फाइल निघाली. ज्याचा साक्षीदार अधिकारीच लढाईत गेला, किंवा ज्याच्या अधिकाऱ्याला लिहायचा कंटाळा होता, त्याचं काय? शौर्यपदकाची शिफारस ज्या त्या वेळीच व्हावी लागते. पन्नास वर्षांनी गावातले चार जण सांगतात म्हणून ते मिळत नाही. हे ऐकायला वाईट वाटतं, पण मला तरी नियम बरोबर वाटतो. नाहीतर गावोगावच्या पुढाऱ्यांचे मामा परमवीर झाले असते.

मोहिमेच्या पदकांचं मात्र वेगळं आहे. अमुक काळात, अमुक भागात, ठराविक दिवस ड्यूटी केली की ते पदक हक्काचंच. तिथे राहून जातं ते फक्त कागदामुळे. याचं उदाहरण आमच्या हॉस्टेलच्या गेटवरच आहे. आमचे सिक्युरिटीचे काका माजी सैनिक, माळशिरस तालुक्यातलेच. २००१-०२ ला 'ऑपरेशन पराक्रम'मध्ये ते सीमेवर होते. त्यांच्या जोडीदारांना ते पदक मिळालं, काकांच्या डिस्चार्ज बुकात त्याची नोंदच नाही. कारण त्या काळात त्यांना दुसऱ्या युनिटला अटॅच केलं होतं. मूळ युनिटला वाटलं ते लोक ऑर्डर काढतील, त्या युनिटला वाटलं हे काढतील. सैन्यात अशा नोंदीला 'पार्ट टू ऑर्डर' म्हणतात. ती निघाली नाही तर सर्व्हिस रेकॉर्डला काहीच चढत नाही. एका कार्यालयात काकांना सांगितलं, आता इतक्या वर्षांनी कशाला? काका म्हणाले, नातवाला दाखवायला. मग आम्ही रूमवर बसून अर्ज टाइप केला : सर्व्हिस नंबर, दोन्ही युनिटची नावं, अटॅचमेंटच्या तारखा, मूव्हमेंट ऑर्डरची झेरॉक्स. ती झेरॉक्स काकूंनी ट्रंकेत रेशन कार्डाबरोबर जपून ठेवली होती म्हणून बरं! असा अर्ज आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे करायचा असतो, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तो पाठवता येतो. ज्यांच्या घरी आजोबांची जुनी लाल-हिरवी रिबनं पडून आहेत, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत डिस्चार्ज बुक एकदा उघडून बघा. पदक आहे आणि नोंद नाही, किंवा नोंद आहे आणि पदक कधी आलंच नाही, दोन्ही सापडतं.

राणे पुढे मेजर झाले आणि १९६८ मध्ये निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या हयातीतच, १९८४ मध्ये, शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यावर हुद्दा होता लेफ्टनंट. गॅझेटमध्ये आहे सेकंड लेफ्टनंट, आणि आपण म्हणतो मेजर राणे. पदकाबरोबर लिहिला जातो तो पराक्रमाच्या दिवशीचा हुद्दा, त्यामुळे कुणीतरी चूक केली असं समजू नका. २००६ मध्ये कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा बसवला. २३ जानेवारी २०२३ ला अंदमान-निकोबारमधल्या २१ बेटांना २१ परमवीरांची नावं दिली, त्यात एक राणेंचं आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात परमवीरांचे अर्धपुतळे आहेत, तिथे राणेही आहेत. ८ एप्रिलला सकाळी त्यांच्या शेजारी पडलेल्या दोन जवानांची नावं मात्र सायटेशनमध्ये नाहीत, तिथे नुसतं दोन जण ठार एवढंच आहे. त्याच स्मारकाच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर लढाईत गेलेल्या जवानांची नावं एकेका विटेवर कोरलेली आहेत. इंडस्ट्रियल व्हिजिटला दिल्लीला जायचं ठरलं, तर आमच्यापैकी काही जण तिथे जाऊन बघणार आहोत. तारीख आणि रेजिमेंट आम्ही वहीत लिहून ठेवली आहे : ८ एप्रिल १९४८, बॉम्बे इंजिनिअर्स.