चतुर पंडितांची वही

लखनौ आज दक्षिणेकडे वृंदावन योजनेपर्यंत विस्तारले आहे. परंतु जुन्या कैसरबागेतील संगीत विद्यापीठाला एका मराठी माणसाचे नाव आहे, हे आपल्या मुलांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. ते नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे.

१० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीला, मुंबईत वाळकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. विद्यार्थिदशेतच ते सतार शिकले. १८८४ मध्ये ‘गायन उत्तेजक मंडळी’त त्यांचा प्रवेश झाला आणि रावजीबुवा बेलबागकर, अलीहुसेन खाँ यांच्यासारख्या गुरूंकडून त्यांनी शेकडो ध्रुपदे व ख्याल आत्मसात केले. १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन ते वकिली करू लागले. पोटासाठी न्यायालय आणि मनासाठी गाणे, असा त्यांचा क्रम होता. ऐकावे, गावे आणि वहीत उतरवावे, हा छंद त्यांनी सुखाच्या दिवसांतच जोपासला होता.

१९०० मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि १९०३ मध्ये मुलगीही गेली. मन सैरभैर व्हावे, असाच तो आघात होता. पुढच्याच वर्षी भातखंडे दक्षिणेच्या यात्रेस निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा येथील विद्वानांना ते भेटले, जुन्या ग्रंथांचा त्यांनी शोध घेतला आणि प्रवासाची रोजनिशी लिहिली. १९०७ व १९०८ मध्ये नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, काशी, लखनौ अशी भटकंती झाली. हळूहळू त्यांनी वकिलीही सोडली.

घराण्यांच्या चिजा सहजासहजी हाती येत नसत. भातखंडे नम्रपणे शिष्यत्व पत्करीत, तासन्‌तास ऐकत आणि सोप्या स्वरलिपीत लिहून घेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी टिंब. शाळकरी मुलालाही उमगावी अशी ती लिपी होती. ‘चतुर’ या नावाने त्यांनी स्वतः लक्षणगीते रचली. त्यांत रागाचे नियम त्याच रागात गायले जातात. सुमारे १८०० चिजा ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत जतन झाल्या. दहा थाटांची व्यवस्था आणि ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’चे चार मराठी खंड हेही याच नित्याच्या लेखणीचे फळ.

१९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढे १९२६ मध्ये राय उमानाथ बली प्रभृतींच्या साहाय्याने लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी पुढे त्याची धुरा वाहिली. १९३३ मध्ये पक्षाघाताने पंडितजींना अंथरुणाला खिळवले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे घर ओस पडले होते. पण त्यांच्या वह्यांतून शिकलेली मुले देशभर गात होती.

कलेने दुःख नाहीसे होते, असे या चरित्रावरून म्हणता येणार नाही. मात्र रोज थोडे काही घडवणाऱ्या मनाला दुःखाच्या दिवशीही उठून बसण्यास कारण असते. ती सवय संकटाच्या दिवशी नव्याने लावता येत नाही. ती आधीपासून हाताला असावी लागते. साठ वर्षांच्या वाटचालीत शाळेने वेळापत्रकात गाण्याचा, चित्रकलेचा, हस्तव्यवसायाचा तास राखला असेल, तर त्याचे मोल गुणपत्रिकेत शोधू नये. मुलांच्या उद्याच्या कठीण दिवसांसाठी ती आजच ठेवलेली शिदोरी आहे.