मनोरुग्णांचे कैवारी डॉ. फिलिप पिनेल

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपात वेड हा आजार मानला जाण्याऐवजी कलंक किंवा दैवी कोप समजला जाई. वेडसरांना भिकारी आणि गुन्हेगार यांच्यासोबत कोंडून ठेवीत, साखळ्यांनी जखडीत. या अंधारकोठडीचे रुग्णालयात रूपांतर घडविणाऱ्या मोजक्या पुरुषांत फ्रान्सच्या डॉ. फिलिप पिनेल यांचे नाव अग्रभागी आहे.

पिनेल यांचा जन्म २० एप्रिल १७४५ रोजी दक्षिण फ्रान्समधील झाँकियेर या गावी, वैद्यकीचा व्यवसाय चालत आलेल्या घराण्यात झाला. आरंभी त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. पुढे ते सोडून तुलूज येथे १७७३ मध्ये वैद्यकाची पदवी संपादन केली. १७७८ मध्ये ते पॅरिसला आले, परंतु तेथील विद्यापीठ बाहेरची पदवी मानीत नसे. अनेक वर्षे त्यांना वैद्यकीय ग्रंथांची भाषांतरे, नियतकालिकाचे संपादन आणि गणिताच्या शिकवण्या यांवर चरितार्थ चालवावा लागला. याच काळात त्यांच्या एका तरुण मित्राला उन्मादाने ग्रासले. तो घरातून रानात पळून गेला आणि तेथेच मरण पावला. हा आघात पिनेल यांच्या मनावर खोलवर कोरला गेला. वेडाच्या आजाराकडे त्यांचे लक्ष वळले ते तेव्हापासून.

राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ मध्ये, बिसेत्र येथील पुरुषांच्या आश्रयगृहात त्यांची वैद्य म्हणून नेमणूक झाली. तेथील वेडसरांच्या विभागाची व्यवस्था झाँ-बाप्तिस्त प्युसँ हे पाहत असत. प्युसँ मूळचे चामडे कमावणारे कारागीर. गंडमाळेच्या आजारासाठी ते याच संस्थेत रुग्ण म्हणून आले, बरे झाले आणि तेथेच सेवेत राहून अधीक्षकपदापर्यंत चढले. सेवकांनी रुग्णांवर हात उगारू नये असा त्यांचा कडक दंडक होता. सेवकांची निवडही ते शक्यतो बऱ्या झालेल्या रुग्णांतून करीत, कारण ज्याने ते दुःख स्वतः भोगले तो निष्ठुर होण्याचा संभव कमी. पदवीधर वैद्याने या अशिक्षित गणल्या जाणाऱ्या अधीक्षकाचे शिष्यत्व मनोमन पत्करले. पिनेल रोज रुग्णांजवळ बसत, त्यांचे बोलणे ऐकत, प्रत्येकाच्या अवस्थेचे टिपण ठेवीत. सरसकट रक्त काढण्याच्या रूढ उपचाराला त्यांनी विरोध केला.

१७९५ मध्ये ते सालपेत्रिएर या स्त्रियांच्या विशाल रुग्णालयाचे प्रमुख वैद्य झाले. पिनेल यांनी बिसेत्रमधील रुग्णांच्या साखळ्या एका दिवशी स्वहस्ते तोडल्या, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. त्यांचे पुत्र आणि शिष्य यांच्या लेखनाने ती पसरली आणि एकोणिसाव्या शतकातील चित्रकारांनी ती अजरामर केली. वस्तुस्थिती निराळी आहे. बिसेत्रमधील साखळ्या १७९७ मध्ये प्युसँ यांनी काढल्या. पिनेल तेव्हा तेथे नव्हते. त्यांनी स्वतः मात्र हे श्रेय कधी लाटले नाही. आपल्या ग्रंथात प्युसँ यांचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. एवढेच नव्हे, तर खटपट करून १८०२ मध्ये त्यांना सालपेत्रिएर येथे आपल्या मदतीला आणविले. १८११ मध्ये प्युसँ यांच्या निधनापर्यंत हे सहकार्य टिकले.

सालपेत्रिएरमध्येही साखळ्या गेल्या. हिंसक झालेल्या रुग्णांसाठी बंदिस्त अंगरखा वापरला जाई, म्हणजे सक्ती पूर्णतः संपली नव्हती. परंतु तिला मर्यादा आली. रुग्णांचे आजाराप्रमाणे वर्गीकरण, निरनिराळ्या दालनांत राहण्याची सोय, ठरलेली दिनचर्या, अंगमेहनतीचे काम आणि प्रत्येक रुग्णाची नोंद या गोष्टींवर पिनेल यांचा भर असे. कोणत्या प्रकारच्या आजारात किती रुग्ण बरे होतात, याचा आकडेवारीनिशी हिशेब मांडणाऱ्या पहिल्या वैद्यांत त्यांची गणना होते. १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मनोविकारविषयक ग्रंथात संस्थेची अंतर्गत व्यवस्था हाच उपचाराचा एक महत्त्वाचा भाग असल्याचे प्रतिपादन आहे.

उत्तरायुष्यात मान आणि उपेक्षा दोन्ही त्यांच्या वाट्याला आली. १८०४ मध्ये फ्रान्सचा राष्ट्रीय सन्मान लाभला. १८२२ मध्ये राजकीय कारणांनी पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेची पुनर्रचना झाली, तेव्हा त्यांचे प्राध्यापकपद गेले. रुग्णालयाशी असलेला संबंध मात्र २५ ऑक्टोबर १८२६ रोजी झालेल्या त्यांच्या निधनापर्यंत अभंग राहिला. त्यांचे शिष्य एस्किरोल यांच्या प्रयत्नांना यश येऊन १८३८ मध्ये फ्रान्समध्ये मनोरुग्णांविषयीचा कायदा झाला आणि प्रत्येक प्रांतविभागावर त्यांच्या उपचाराची जबाबदारी आली.

साखळी तोडण्याचा क्षण चित्रात शोभून दिसतो. ती पुन्हा पडू नये म्हणून सेवकांची निवड, शिस्त, नोंदी आणि दैनंदिन देखरेख यांचा कारभार वर्षानुवर्षे चालवावा लागतो. पिनेल यांनी तो एकतीस वर्षे सालपेत्रिएरमध्ये चालविला, आणि हा कारभार आपण कोणापासून शिकलो हे ते विसरले नाहीत. त्यांच्या थोरवीत या दोन्ही गोष्टींचा वाटा आहे.