तंजावूरचे सरफोजी राजे

तमिळनाडूत कावेरी नदीच्या सुपीक खोऱ्यात तंजावूर हे प्राचीन शहर वसले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे मराठ्यांचे राज्य स्थापन केले. या घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांचे नाव तंजावुरात आजही आदराने घेतले जाते. मात्र ही कीर्ती त्यांना रणांगणावर मिळालेली नाही. राज्य हातचे गेल्यावर उरलेल्या साधनांचा त्यांनी जो उपयोग केला, त्यामुळे ते अजरामर झाले.

सरफोजींचा जन्म १७७७ साली भोसले कुळाच्या एका शाखेत झाला. तंजावूरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. त्यांनी १७८७ च्या आरंभी या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचा सांभाळ श्वार्ट्झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकावर सोपविला. त्यानंतर थोड्याच काळात तुळजाजींचे निधन झाले. त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधानावर आक्षेप घेतला. पंडितांनी हे दत्तक अशास्त्रीय ठरविले आणि ईस्ट इंडिया कंपनीने अमरसिंहांना गादीवर बसविले.

बाल सरफोजींच्या वाट्याला राजवाड्यातच बंदिवासासारखे जीवन आले. त्यांच्या शिक्षणाचीही आबाळ होऊ लागली. तेव्हा श्वार्ट्झ यांनी कंपनीकडे पाठपुरावा केला आणि १७९३ साली सरफोजींना मद्रासला नेण्यात आले. तेथे त्यांना इंग्रजी भाषा आणि पाश्चात्त्य विद्या शिकावयास मिळाल्या. पुढे दत्तकाचा प्रश्न पुन्हा विचारार्थ घेण्यात आला. या वेळी पंडितांचा निर्णय सरफोजींच्या बाजूने लागला आणि जून १७९८ मध्ये त्यांना राज्याभिषेक झाला.

परंतु या राजपदाची किंमत फार मोठी होती. ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वये तंजावूर प्रांताचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. सरफोजींची सत्ता तंजावूरचा किल्ला व त्याच्या आसपासचा परिसर एवढ्यापुरतीच उरली. त्याच्या बदल्यात दरवर्षी एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा त्यांना मिळू लागला. बावीस वर्षांच्या या तरुण राजापुढे ऐषारामात आयुष्य घालविण्याचा सोपा मार्ग होता. त्यांनी मात्र ज्ञान आणि लोकसेवा यांची वाट धरली.

तंजावूरहून रामेश्वरकडे जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांच्या पूर्वजांनी वाटेवर छत्रे, म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळा, बांधल्या होत्या. ही छत्रे आपल्याच देखरेखीखाली राहावीत, अशी विनंती सरफोजींनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून केली. तेथे जातिधर्माचा विचार न करता भुकेल्यांना अन्न आणि आजाऱ्यांना औषध मिळे. ओरत्तनाडू येथील छत्राला जोडून त्यांनी पाठशाळाही चालविली. शहरात पाण्याची तळी, विहिरी आणि सांडपाण्याचा निचरा यांकडेही त्यांनी लक्ष पुरविले.

शिक्षण हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. १८०५ च्या सुमारास त्यांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू केला. इसापच्या गोष्टींचे 'बालबोधमुक्तावली' हे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले. जगाचा भूगोल लोकांना गाण्यांतून कळावा, म्हणून त्यांनी 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक रचले. धन्वंतरी महाल या संस्थेत देशी वैद्य आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार यांचे ज्ञान त्यांनी एकत्र आणले. नेत्ररोग्यांच्या उपचारांच्या नोंदी तेथे डोळ्यांच्या चित्रांसह ठेवल्या जात. त्यातील काही आजही पाहावयास मिळतात.

त्यांची सर्वांत मोठी देणगी म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. या ग्रंथसंग्रहाचा आरंभ नायक राजांच्या काळात झाला होता. सरफोजींनी त्याला खरे वैभव प्राप्त करून दिले. १८२० ते १८२२ या काळात त्यांनी काशीयात्रा केली. यात्रेहून परतताना त्यांनी दुर्मीळ संस्कृत हस्तलिखिते बरोबर आणली. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी भाषांतील ताडपत्रे व पोथ्या, तसेच युरोपातून मागविलेले ग्रंथ यांनी हे ग्रंथालय समृद्ध झाले. आपल्या घराण्याचा इतिहासही त्यांनी १८०३ साली बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला.

आपल्या राजकीय मर्यादांची सरफोजींना जाणीव होती. कंपनीची मर्जी सांभाळणे त्यांना भाग होते. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ त्यांनी समुद्रकिनारी उभारलेला मनोरा त्याची साक्ष देतो. मात्र ज्ञानाच्या क्षेत्रात त्यांनी परक्यांचे अंधानुकरण केले नाही. नवे ते स्वीकारले आणि जुने तेही जपले.

मार्च १८३२ मध्ये सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे १८५५ साली पुत्रसंतानाविना मरण पावले आणि कंपनीने तंजावूरचे उरलेसुरले राज्यही खालसा केले. गादी गेली, किल्ल्यावरची सत्ता गेली. पण सरस्वती महाल टिकून राहिला आणि १९१८ साली त्याची दारे सर्वसामान्यांसाठी खुली झाली. एके काळी शिक्षणासाठी राजवाडा सोडावा लागलेल्या मुलाने जमविलेले ग्रंथ आता कोणालाही वाचता येऊ लागले.