विनोदाचार्य श्रीपाद कृष्ण कोल्हटकर

हदगाव तालुक्याच्या उत्तरेस पैनगंगा वाहते. नदी ओलांडली की वऱ्हाडचा मुलूख लागतो. शंभर वर्षांपूर्वी नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे इंग्रजांचा अंमल होता. राज्ये निराळी होती, तरी दोन्ही तीरांवरील भाषा एकच होती. सणवार तेच होते आणि रूढीही त्याच होत्या. मांजर आडवे गेले म्हणजे या तीरावरचा वाटसरू थबके, तसा त्या तीरावरचाही थबके. अशा रूढींकडे पाहून मराठी माणसाला हसावयास आणि हसता हसता विचार करावयास ज्यांनी शिकविले, त्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे बरेचसे आयुष्य याच वऱ्हाडात गेले.

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ रोजी नागपूर येथे झाला. शालेय शिक्षण वऱ्हाडात पुरे करून ते पुण्यास डेक्कन कॉलेजात गेले आणि १८९१ मध्ये बी. ए. झाले. तो काळ पुण्यात मोठ्या वैचारिक संघर्षाचा होता. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' पत्र सुरू केले होते. बालविवाह, विधवांचे हाल, जातिभेद आणि अंधश्रद्धा यांवर ते निर्भयपणे प्रहार करीत होते. लोक त्यांच्यावर इतके चिडले की, त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. कोल्हटकरांना आगरकरांचे विचार पटले होते. परंतु उघड उपदेशाने जो समाज संतापतो, त्याच्या गळी तेच विचार कसे उतरवावेत, हा प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर कोल्हटकरांना पुढे विनोदात सापडले.

१८९७ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी वऱ्हाडात वकिली आरंभिली. खामगाव आणि जळगाव-जामोद ही त्यांची कर्मभूमी होय. पुणे-मुंबईपासून दूर असलेल्या त्या गावांत मोठी ग्रंथालये नव्हती, की साहित्यिकांच्या बैठकी नव्हत्या. तथापि वकिलाची कचेरी ही मनुष्यस्वभावाची एक शाळाच असते. तेथे लबाड व भोळे, भांडखोर व भित्रे अशी सर्व प्रकारची माणसे भेटतात. १९०२ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' या मासिकात कोल्हटकरांचा पहिला विनोदी लेख प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'साक्षीदार' असे होते. वकिलाला हा विषय सुचावा, यात नवल ते काय?

त्यापूर्वीच नाटककार म्हणून त्यांचे नाव झाले होते. त्यांचे 'वीरतनय' हे संगीत नाटक १८९६ मध्ये रंगभूमीवर आले. नव्या धर्तीच्या चाली आणि चटकदार संवाद यांमुळे प्रेक्षक मोहून गेले. पुढे त्यांनी 'मूकनायक' या नाटकात मद्यपानाचे दुष्परिणाम दाखविले आणि 'मतिविकार' या नाटकात विधवाविवाहाचा पुरस्कार केला. परंतु त्यांची कथानके गुंतागुंतीची असत आणि शब्दांवरील कोट्या फार होत. म्हणून काळाच्या ओघात ही नाटके मागे पडली. त्यांचा विनोद मात्र टिकून राहिला.

या विनोदी लेखांच्या संग्रहास त्यांनी 'सुदाम्याचे पोहे' असे नाव दिले. सुदाम्याची कथा सर्वांस ठाऊक आहेच. दरिद्री सुदामा मूठभर पोहे घेऊन द्वारकेस गेला आणि श्रीकृष्णाने ते आवडीने खाल्ले. आपले लेख हीदेखील अशीच एक साधी भेट आहे, असे या नावातून सूचित होते. १९१० मध्ये अठरा लेखांचा संग्रह निघाला. १९२३ मध्ये त्यांची संख्या बत्तीस झाली आणि ग्रंथास 'साहित्यबत्तिशी' हे दुसरे नाव मिळाले. बत्तिशी म्हणजे दातांचा संच. हसताना दात दिसतात, ही कोटी चतुर वाचकांच्या ध्यानी आल्यावाचून राहत नाही.

त्याआधी मराठीत विनोद नव्हता, असे नाही. परंतु तो बहुधा नाटकातील विदूषकाच्या वाट्यास येई. इंग्रजी भाषेत मार्क ट्वेन, जेरोम यांच्यासारख्या लेखकांनी विनोदी गद्याला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. मराठीत ते कार्य कोल्हटकरांनी केले.

त्यांच्या लेखांत सुदामा हाच निवेदक असतो. बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्याचे दोन स्नेही. तिघेही स्वतःस मोठे शहाणे समजतात. परंतु जे करावयास जातात, त्यात फजीत होतात. सण, व्रतवैकल्ये, लग्नसमारंभ, ज्योतिष, सभा-संमेलने असे नाना विषय या लेखांत येतात. कोल्हटकर रूढीची निंदा करीत नाहीत. उलट, सुदाम्याच्या तोंडून ते तिचे गंभीरपणे समर्थन करतात आणि त्या समर्थनातूनच तिचा पोकळपणा उघडा पडतो.

ही युक्ती समजण्यासाठी आपण एक प्रसंग कल्पू. एका गृहस्थास खटल्यासाठी हदगावहून नांदेडला जावयाचे आहे. दारातच मांजर आडवे जाते, म्हणून तो परत फिरून घटकाभर बसतो. पुन्हा निघतो तो कोणी शिंकते. तो पुन्हा बसतो. अखेर तो न्यायालयात पोहोचतो, तेव्हा त्याच्या गैरहजेरीत निकाल त्याच्या विरुद्ध लागलेला असतो. घरी येऊन तो अभिमानाने सांगतो की, मांजराला हे सारे आधीच कळले होते! या गृहस्थास कोणी मूर्ख म्हटले असते, तर त्याने भांडण केले असते. परंतु ही हकीकत ऐकून आपण हसतो आणि दुसऱ्या दिवशी मांजर आडवे गेले, तर थांबण्याची आपल्यालाच लाज वाटते.

दुसऱ्याची टर उडविणे सोपे असते. कोल्हटकरांचा सुदामा मात्र स्वतः हास्यास्पद होतो. आपण ज्याला हसतो तो परका नसून आपल्यातीलच एक आहे, किंबहुना आपणच आहोत, हे वाचकास हळूहळू उमगते. म्हणून हा विनोद बोचतो, परंतु जखम करीत नाही.

कोल्हटकरांची बुद्धी बहुमुखी होती. त्यांनी 'दुटप्पी की दुहेरी' आणि 'श्यामसुंदर' या कादंबऱ्या लिहिल्या. ते मार्मिक टीकाकारही होते. भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाची त्यांनी थट्टा केली. परंतु ग्रहताऱ्यांच्या गतीचे गणित मन लावून अभ्यासिले आणि भारतीय ज्योतिर्गणितावर ग्रंथ लिहिला. ज्याची थट्टा करावयाची, त्याचे आधी ज्ञान असावे, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

त्यांना शिष्यही थोर लाभले. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानीत. गडकऱ्यांनी 'बाळकराम' या नावाने विनोदी लेख लिहून गुरूची परंपरा पुढे नेली. परंतु जानेवारी १९१९ मध्ये ऐन तारुण्यात गडकरी निवर्तले आणि शिष्याचा मृत्यू पाहण्याची वेळ गुरूवर आली. पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणारे वि. स. खांडेकर हेही कोल्हटकरांस गुरुस्थानी मानीत.

१९२७ मध्ये पुणे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कोल्हटकरांनी भूषविले. वऱ्हाडातील एका वकिलाचा साऱ्या महाराष्ट्राने केलेला तो गौरव होता. १ जून १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मवृत्त त्यानंतर प्रसिद्ध झाले.

ज्या लेखणीने महाराष्ट्राचे दोष दाखविले, तिनेच त्याचे प्रसिद्ध स्तुतिगीतही लिहिले. कोल्हटकरांचे 'महाराष्ट्रगीत' शाळाशाळांतून गाइले गेले. ते लिहिले गेले, तेव्हा मराठी भाषा बोलणारे लोक अनेक राज्यांत विखुरलेले होते. १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली, १९५६ मध्ये मराठवाडा व विदर्भ मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. पैनगंगेचे दोन्ही तीर एका राज्यात आले, तेव्हा ते पाहावयास कोल्हटकर नव्हते. आपल्या समाजावर त्यांचे निस्सीम प्रेम होते, म्हणूनच त्याला हसण्याचा अधिकार त्यांना पोहोचत होता.

अभ्यास

१. आगरकर आणि कोल्हटकर यांचे ध्येय एक असूनही मार्ग निराळे कसे होते?
२. 'सुदाम्याचे पोहे' आणि 'साहित्यबत्तिशी' या नावांतील अर्थ स्पष्ट करा.
३. कोल्हटकरांचा विनोद बोचतो, परंतु जखम करीत नाही, असे का म्हटले आहे?
४. तुमच्या गावातील एखाद्या निरर्थक समजुतीवर दहा ओळींचा विनोदी प्रसंग लिहा. त्यात फजिती स्वतःचीच झालेली दाखवा.