हृदयाची भाषा : डॉ. रेने लेनेक

धरमतरच्या धक्क्यावर बार्जचे इंजिन कुरकुरू लागले की मिस्त्रीकाका लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवतात आणि मूठ कानाला लावतात. माझे वडील बार्जवर खलाशी आहेत. लहानपणी मीही एकदा हट्टाने कान लावला, पण मला नुसती घरघर ऐकू आली. जात्यात खडा आल्यासारखा आवाज शोध, असे काकांनी सांगितले, आणि काय आश्चर्य, तोच आवाज मला ऐकू येऊ लागला!

या आठवणीमुळे डॉ. रेने लेनेक यांचे चरित्र मला फार जवळचे वाटले. त्यांनी स्टेथोस्कोप शोधून काढला हे आपण ऐकलेले असते. पण स्वतःला ऐकू आलेले दुसऱ्याला कसे ऐकवायचे, या प्रश्नाशीही ते आयुष्यभर झगडले, हे सहसा सांगितले जात नाही.

रेनेचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात कँपेर या गावी झाला. तो पाच वर्षांचा असताना आई वारली. पुढे नांत शहरात डॉक्टर असलेल्या काकांनी त्याला वाढवले. देशात राज्यक्रांतीची धामधूम चालू असताना हा मुलगा काकांच्या हाताखाली रुग्णसेवा शिकत होता. प्रकृतीने तो किरकोळ होता, पण बासरी वाजवण्याचा त्याला मोठा नाद होता. १८०१ मध्ये तो पॅरिसला गेला. तेथे कोर्व्हिझार हे नामवंत गुरू त्याला लाभले. छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून रोग ओळखण्याची पद्धत ते शिकवीत. १८०४ मध्ये रेने डॉक्टर झाला.

त्या काळी युरोपात क्षयाने घरेच्या घरे ओस पडत होती. लेनेक यांचा सख्खा भाऊही १८१० मध्ये क्षयाने गेला. छातीच्या आत काय चालले आहे, हे रुग्ण जिवंत असताना नीट कळण्याचा मार्ग मात्र नव्हता.

१८१६ मध्ये ते पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रुजू झाले. तेथे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री त्यांच्याकडे आली. ती स्थूल असल्याने ठोकून काही कळेना आणि छातीला कान लावणे शिष्टसंमत नव्हते. लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला ते स्पष्ट ऐकू येते, हे त्यांना आठवले. त्यांनी कागदाचा दस्ता घट्ट गुंडाळून नळी केली, एक टोक छातीला आणि दुसरे कानाला लावले. नुसत्या कानाने ऐकू येई त्याहून हृदयाचे ठोके कितीतरी स्पष्ट ऐकू आले. पुढे त्यांनी स्वतः लेथवर लाकडी नळ्या तयार केल्या.

खरी मेहनत त्यानंतरची आहे. जिवंतपणी ऐकलेला प्रत्येक आवाज ते टिपून ठेवीत आणि रुग्ण दगावल्यास शवविच्छेदन करून ताडून पाहत. पण नळी एका वेळी एकाच कानाला लागे. गुरूने ऐकले तेच शिष्याने ऐकले की नाही, हे कसे समजावे? येथे लेनेक यांनी आपल्या कलाशाखेचे साधन वापरले, ते म्हणजे उपमा! हृदयातला एक आवाज भात्यासारखा, दुसरा कानशीसारखा, फुप्फुसातला एक आवाज तापल्या भांड्यात मीठ तडतडल्यासारखा, आणि छातीतून येणारा बोलण्याचा आवाज कधी बकरीच्या बेंबाटण्यासारखा. पेणच्या मिठागरांच्या मुलखात मिठाची उपमा तरी समजावून सांगावी लागणार नाही. हे सर्व त्यांनी १८१९ मध्ये दोन खंडांच्या ग्रंथात मांडले. १८२३ पासून शारिते रुग्णालयात देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्याबरोबर खाटेखाटेपाशी फिरून ऐकायला शिकले.

अशा सूक्ष्म कानाच्या माणसाचीही चूक झाली. हृदयाच्या लब-डब या दोन आवाजांपैकी दुसरा हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा, असे त्यांनी मानले. वास्तविक तो हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटण्याचा. ते रुआने या संशोधकाने १८३२ मध्ये मांडले. ऐकणे बरोबर होते, अर्थ चुकला होता.

रुआने यांचे म्हणणे ऐकायला लेनेक हयात नव्हते. ज्या रोगाचे आवाज त्यांनी जगाला शिकवले, त्याच रोगाने त्यांना गाठले होते. शेवटच्या आजारात त्यांनी आपले नातलग व शिष्य मेरियादेक यांना स्वतःची छाती तपासायला लावली. शिष्याने जे सांगितले, ते गुरूंनीच इतर रुग्णांविषयी लिहून ठेवलेले होते. त्यावरून त्यांनी काय ते ओळखले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, ब्रिटनीतील आपल्या घरी त्यांनी देह ठेवला. आपला स्टेथोस्कोप ते मेरियादेकच्या नावे ठेवून गेले.

त्यांच्यामागे १९ वर्षांनी, १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८५१ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पहिले पदवीधर तेथून बाहेर पडले. आता तर डिजिटल स्टेथोस्कोप आले आहेत. ठोक्यांचे विजेच्या संकेतांत रूपांतर करून ते आवाज मोठा करतात, साठवतात आणि त्याची लाट पडद्यावर दाखवतात. एकाच रुग्णाचे हृदय सारा वर्ग एकदम ऐकू शकतो, आणि रुग्णाला पुन्हा पुन्हा त्रास न देता तोच आवाज शंभर वेळा ऐकता येतो. एका कानापुरती असलेली ती नळी आता साऱ्या वर्गाची झाली आहे.

तरीही त्या आवाजात काय शोधायचे, हे कोणीतरी सांगावेच लागते. धक्क्यावर माझ्या कानाला मूठ लावून देणारे मिस्त्रीकाका कधी कॉलेजात गेले नाहीत, पण मला ऐकायला शिकवणारे पहिले शिक्षक तेच. लेनेक यांचे चरित्र वाचून हे ऋण मला उमगले.